टायसनला आपण फार वर चढवून ठेवलंय का?

दापोलीकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. त्यांच्या व्यायामशाळेत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, माइक टायसन हा आजवरचा सर्वांत मोठा हेवीवेट बॉक्सर. गुरू लवकर गेला नसता आणि तुरुंगवास घडला नसता तर त्याला कोणी हरवूच शकलं नसतं. दुसरा तट म्हणतो, त्याने लोळवले ते सगळे म्हातारे नाहीतर पोट सुटलेले, धड माणूस समोर आला की हा हरला. यातलं खरं काय, आणि आपली उंची 5 फूट 6 इंच असताना टायसनची पद्धत शिकावी का, असं त्यांनी विचारलंय.

हा वाद मिटत नाही, कारण एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. आपल्या ऐन भरातला टायसन किती चांगला होता, हा पहिला. संपूर्ण कारकीर्द धरली तर तो किती मोठा ठरतो, हा दुसरा. आणि लोक त्याला ज्या गोष्टीसाठी डोक्यावर घेतात ती गोष्ट बरोबर आहे का, हा तिसरा. मोबाइलवरच्या दीड मिनिटाच्या तुकड्यांत फक्त पहिल्याचं उत्तर दिसतं, ते तुमच्या पहिल्या तटाने उचललंय. दुसरा तट शेवटची दहा वर्षं मोजतोय. दोघेही आपापल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवतायत.

शिखराला जास्त किंमत द्यायची की टिकण्याला, हे ज्याच्या त्याच्या मतावर आहे, तिथे कोणी कोणाला खोटं पाडू शकत नाही. माझं मत सांगतो. माझ्या लेखी एखाद्या बॉक्सरचा मोठेपणा ठरतो तो त्याचा पहिला बेत फसल्यावर तो काय करतो यावरून. या मापाने टायसन जगाच्या समजुतीपेक्षा खाली येतो. पण ज्या कसबाने तो विसाव्या वर्षी विश्वविजेता झाला, ते कसब लोकांच्या समजुतीपेक्षा बरंच वरचं होतं, आणि त्याबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही. सगळे ठोशाच्या ताकदीवरच थांबतात.

ताकदीचं आधी उरकून टाकू. टायसनचा ठोसा भयंकर होता, यात वाद नाही. पण नुसत्या ताकदीने हेवीवेटचा किताब मिळत असता तर अर्नी शेव्हर्सला मिळायला हवा होता. त्याचा फटका खाल्लेले लोक आजही त्याची आठवण काढतात. तो 1977 मध्ये मोहम्मद अलीशी आणि 1979 मध्ये लॅरी होम्सशी किताबासाठी लढला, दोन्ही वेळा हरला आणि कधीच विजेता झाला नाही. फटका जोरदार असणं वेगळं आणि तो समोरच्याला लागेल अशा जागी स्वतःला नेऊन उभं करणं वेगळं. टायसनचं खरं काम या दुसऱ्या गोष्टीत होतं.

त्याची उंची 5 फूट 10 इंच, हातांची पोच 71 इंच, ऐन भरात वजन 98 ते 100 किलो. हेवीवेटमध्ये ही उंची बुटक्यात जमा. टोनी टकर आणि टायरेल बिग्ज दोघेही 6 फूट 5 इंच. अशांसमोर लांबून खेळायचं म्हटलं तर बारा राउंड नाकावर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, खात काढावे लागतात. टायसनचा गुरू कस डी'अमाटोने यावर जी पद्धत बसवली होती तिला पीक-अ-बू म्हणतात. फ्लॉइड पॅटरसन आणि होजे टॉरेस हे त्याच पद्धतीत तयार झालेले आधीचे विजेते. पॅटरसन 1956 मध्ये 21 व्या वर्षी सर्वांत तरुण हेवीवेट विजेता ठरला होता. तो विक्रम 22 नोव्हेंबर 1986 रोजी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये पाडून टायसनने मोडला, वय 20 वर्षं 4 महिने.

पद्धत दिसते अशी. दोन्ही ग्लोव्ह्ज गालफडांना टेकलेले, कोपरं बरगड्यांवर, छाती नेहमीपेक्षा जास्त समोर आणि पाय जवळजवळ शेजारी-शेजारी. नेहमीच्या तिरक्या उभं राहण्यात मागचा हात लांब पडतो. इथे दोन्ही हात सारख्याच अंतरावर, म्हणून डावा-उजवा दोन्हींकडून तितकाच जोरदार हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, निघतो. किंमत ही की छाती-पोट उघडं पडतं आणि मागे सरकणं अवघड होतं. म्हणजे ही पद्धत घेतली की उभं राहायची मुभा नाही, डोकं सतत हलतं ठेवावं लागतं आणि पुढेच जावं लागतं.

आता आत शिरण्याचा क्रम नीट बघा, सगळी गोम इथे आहे. समोरच्याचा जॅब निघतो. टायसन डोकं ठोशाच्या रेषेतून फक्त दोन-तीन इंच बाहेर काढतो, गुडघे वाकवून. डोकं ज्या बाजूला गेलं त्या पायावर वजन पडतं, म्हणजे चुकवतानाच पुढचा ठोसा भरला जातो. मग स्वतःचा जॅब टाकत एक पाऊल आत. हा जॅब दिसायला साधा, पण समोरच्याचा मागचा हात तिथेच रोखायचं काम तो करतो. आत पोचल्यावर उजवा हात बरगडीत, आणि कोपर खाली उतरलं की त्याच उजव्या हाताने हनुवटीखाली अपरकट, म्हणजे खालून वर ठोसा. त्यानंतर लोक बघायचं विसरतात ते अर्धं पाऊल बाजूला. समोरचा सावरून ठोसा मारतो तेव्हा टायसन त्याच्या खांद्याच्या बाहेर उभा असतो. समोरच्याला आधी वळावं लागतं, मग मारावं लागतं.

हे सगळं दीड सेकंदात. एवढ्या वजनाच्या माणसाने ते दर राउंडला दहा-बारा वेळा करायचं म्हणजे मांड्या आणि फुप्फुसं कोणत्या तयारीची हवीत याचा विचार करा. पहिल्या 19 लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या, त्यातल्या 12 पहिल्याच राउंडमध्ये. 20 व्या लढतीत, मे 1986 मध्ये, जेम्स टिलिस पहिल्यांदा शेवटपर्यंत टिकला. टिकला कसा? सतत गोल फिरत राहिला आणि टायसनला पाय रोवू दिले नाहीत. उत्तर तिथे दिसलं होतं. अमलात आणणारा माणूस मिळायला आणखी पावणेचार वर्षं गेली.

आता दुसऱ्या तटाचा मुद्दा: प्रतिस्पर्धी कसले होते?

मालवणला नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात तेव्हा जिंकलेल्याच्या हातात किती नारळ जमले ते पोरं मोजतात. जाणता माणूस फुटलेले नारळ उचलून त्यांची करवंटी बघतो. टायसनची यादी तशी बघू.

बर्बिक मध्यम दर्जाचा विजेता. जेम्स 'बोनक्रशर' स्मिथ बारा राउंड मिठ्या मारत राहिला, रेफ्रीने गुण कापले तरी मिठी सोडली नाही. पिंकलॉन थॉमस चांगला, पण उतरणीला लागलेला, तो सहाव्या राउंडमध्ये गेला. टोनी टकर अपराजित, ऐन उमेदीचा, त्याने पहिल्याच राउंडमध्ये अपरकटने टायसनला हलवलं आणि बारा राउंड काढले, पण गुणांवर हरला. ही 1 ऑगस्ट 1987 ची लढत जिंकून टायसनकडे तिन्ही संघटनांचे बेल्ट आले. त्या काळात तीन संघटनांचे तीन विजेते असायचे आणि खरा कोण हे कोणालाच कळत नव्हतं. तो गोंधळ नऊ महिन्यांत संपवणं हे मोठं काम होतं, ते त्याच्या खात्यावर चोख जमा धरा. त्यानंतर बिग्ज, 1984 चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, तोवर अपराजित, सातव्या राउंडमध्ये.

मग जानेवारी 1988 मध्ये लॅरी होम्स. दुसरा तट इथे हसतो, कारण होम्स 38 वर्षांचा होता आणि पावणेदोन वर्षं रिंगपासून लांब होता. हसायला हरकत नाही, पण पुढचंही बघा. होम्स 2002 पर्यंत खेळला, 75 लढती केल्या, सहा हरला, पण त्याला लढत थांबवून हरवणारा टायसन एकटा. पन्नाशी ओलांडेपर्यंत दुसऱ्या कोणाला ते जमलं नाही. मायकल स्पिंक्सचंही तसंच. तो मुळात खालच्या वजनगटातला, हे खरं. पण होम्सला दोनदा हरवलेला, 31 लढतींत अपराजित. 27 जून 1988 ला तो 91 सेकंदांत संपला आणि पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. व्यावसायिक कारकिर्दीतला त्याचा तो एकमेव पराभव.

तेव्हा 'सगळे भुक्कड होते' हे म्हणणं टिकत नाही. पण पहिल्या तटाने इथे टाळ्या वाजवू नयेत. या यादीत स्वतःच्या भरात असलेला एकही महान हेवीवेट नाही. अलीच्या यादीत लिस्टन, फ्रेझर, फोरमन आहेत. हॉलिफील्डच्या यादीत रिडिक बो आहे, टायसन स्वतः आहे. टायसनच्या वाट्याला तशी पिढीच आली नाही, आणि हा त्याचा दोष नाही. ऐंशीच्या दशकातल्या हेवीवेटांपैकी निम्मे व्यसनात आणि वजनात वाया गेले. दोष नसला तरी श्रेयही देता येत नाही.

आता मधली गाठ. 'गुरू गेला म्हणून बिघडला' ही कथा लोकांना फार आवडते. तारखा जुळवून बघा. डी'अमाटो 4 नोव्हेंबर 1985 ला वारला. टायसनची व्यावसायिक कारकीर्द तेव्हा आठ महिन्यांची होती. बर्बिकपासून स्पिंक्सपर्यंतचा जो टायसन आपण थोर मानतो तो सगळा त्यानंतरचा आहे, आणि प्रशिक्षक म्हणून त्याच्या कोपऱ्यात केव्हिन रूनी होता. रूनी डी'अमाटोच्याच हाताखाली तयार झालेला. 1988 च्या अखेरीला टायसनने त्याला काढून टाकलं. घसरण मोजायची तर तिथून मोजा.

फरक कुठे दिसतो ते सांगतो. बिग्जची लढत आणि फेब्रुवारी 1989 ची फ्रँक ब्रुनोची लढत लागोपाठ लावा. बिग्जविरुद्ध टायसन जॅबच्या मागून आत येतो. ब्रुनोविरुद्ध तो जॅब न टाकताच उडी घेतो. डोकं पहिल्या ठोशापुरतं हलतं, नंतर थांबतं. चार-पाच ठोशांच्या जागी एक मोठा ठोसा. ब्रुनोच्या डाव्या हुकने पहिल्याच राउंडमध्ये त्याला हलवलं. लढत तो पाचव्या राउंडमध्ये जिंकला, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. जुलैत कार्ल विल्यम्स दीड मिनिटात पडला, आणि उरलीसुरली शंकाही गेली.

11 फेब्रुवारी 1990, टोकियो. बस्टर डग्लसवर पैज 42 ला 1 अशी होती. डग्लस 6 फूट साडेतीन इंच, पोच 83 इंच. दोघांच्या पोचेत एका फुटाचा फरक. हा एक फूट पार करायला टायसनकडे एकच वाट होती, आधी सांगितलेली: चुकव, जॅब टाक, आत शिर, बाजूला हो. त्या दिवशी तो यातलं पहिलं आणि दुसरं करतच नव्हता. डग्लस नुसता जॅब मारून थांबत नव्हता. जॅब, लगेच उजवा, आणि टायसन जवळ आला की मिठी. सुटल्यावर एक पाऊल बाजूला आणि पुन्हा जॅब. टिलिसने जे पायांनी केलं होतं ते डग्लसने हातांनीही केलं.

कोपऱ्यातली तयारीही बघण्यासारखी आहे, शिकणाऱ्याने तर नक्कीच. टायसनचा डोळा सुजत चालला होता. सूज दाबायला बर्फात गार केलेला धातूचा चपटा तुकडा लागतो, तो त्याच्या कोपऱ्याकडे नव्हता. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून त्यांनी डोळ्यावर धरलं. नुसत्या गार पाण्याने सूज दाबली जात नाही, दाब हवा असतो. विश्वविजेत्याच्या कोपऱ्यात एवढी साधी वस्तू नसावी, यावरून त्याच्याभोवती कोणत्या प्रकारची माणसं उरली होती ते समजा.

आठव्या राउंडच्या शेवटी टायसनच्या अपरकटने डग्लस पडला. 'रेफ्रीने उशिरा मोजलं, डग्लस दहा सेकंदांहून जास्त वेळ पडलेला होता' ही तक्रार तेव्हापासून चालू आहे. नियमाने रेफ्रीचा आकडा चालतो, बाहेरचं घड्याळ नाही, आणि पडलेला बॉक्सर रेफ्रीच्या बोटांकडे बघूनच उठतो. डग्लस नऊवर उठला. दहाव्या राउंडमध्ये उजवा अपरकट बसून टायसनचं डोकं वर उचललं गेलं आणि पुढच्या ठोशांनी तो खाली गेला. चटईवर पडलेला माउथगार्ड चाचपडत तोंडात कोंबणारा टायसन सगळ्यांनी पाहिलाय.

कीर्ती काय करते ते बघायचं तर त्या लढतीची गुणपत्रकं बघा. नऊ राउंडनंतर एका जजने डग्लसला 88-82 असं पुढे ठेवलं होतं, दुसऱ्याने 86-86 बरोबरी, आणि तिसऱ्याने टायसनला 87-86 असं पुढे. सुजून डोळा बंद होत आलेला माणूस आघाडीवर! पुढे ठोसा आला नसता आणि लढत गुणांवर गेली असती तर आज आपण 'टायसनने कठीण लढतही जिंकली' असं म्हणत बसलो असतो.

माझ्या मापाने निकाल इथे लागतो. ज्या ज्या लढतीत टायसन खाली पडला ती त्याने हरली: डग्लस, पहिली हॉलिफील्ड, लेनॉक्स लुइस, डॅनी विल्यम्स. पडून उठून जिंकलेली एकही लढत त्याच्या खात्यावर नाही. फ्रान्स बोथाने जानेवारी 1999 मध्ये त्याला चार राउंड चांगलाच छळला होता आणि तिथे पाचव्यात एका उजव्या ठोशाने तो सुटला, हे खरं. पण एका ठोशाने सुटणं म्हणजे बेत बदलून जिंकणं नव्हे. फ्रेझर, होम्स, हॉलिफील्ड यांची कारकीर्द दुसऱ्या प्रकारच्या लढतींनी भरलेली आहे.

तुरुंगवासाचा मुद्दा. 1992 मध्ये इंडियाना राज्यातल्या न्यायालयाने त्याला बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं आणि मार्च 1995 पर्यंत तो आत होता. याला 'नशीब फिरलं' म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिच्या बाजूने हा शब्द वापरून बघा. खेळापुरतं बोलायचं तर अलीशी तुलना करा. सैन्यभरती नाकारल्यामुळे अली मार्च 1967 ते ऑक्टोबर 1970 रिंगबाहेर होता, वय 25 ते 28. टायसन जून 1991 ते ऑगस्ट 1995, वय 25 ते 29. जवळजवळ तीच वर्षं. अली परत आला तेव्हा पूर्वीची चपळाई गेली होती. फ्रेझरकडून हरला, नॉर्टनकडून हरला. मग मार खाऊन, दोरांना टेकून, मिठ्या मारून जिंकायची नवी रीत त्याने बसवली आणि दोघांनाही पुढे हरवलं, 1974 मध्ये किन्शासाला फोरमनलाही. टायसन परत आला तो जुन्याच रीतीचा अर्धा भाग घेऊन. ब्रुनो आणि सेल्डन यांच्याकडून दोन बेल्ट मिळाले, त्यातला एकही त्याने रिंगमध्ये राखला नाही.

नोव्हेंबर 1996 ची पहिली हॉलिफील्ड लढत मी मुद्दाम वेगळी काढतो, कारण तिथे 'टायसन म्हातारा झाला होता' हे कारण लागू होत नाही. टायसन 30 चा, हॉलिफील्ड 34 चा, आणि सगळे हॉलिफील्डच्या जिवाची काळजी करत होते. हॉलिफील्डने तीन गोष्टी केल्या. टायसन आत यायला वाकला की त्याच क्षणी आधी ठोसा, म्हणजे शिरतानाच अडवणं. आत आलाच तर हात दाबून मिठी आणि अंगाने मागे ढकलणं, कारण ही पद्धत मागच्या पावलावर चालतच नाही. आणि टायसनने ठोसा मारला की लगेच दोन उलट. डोक्याच्या धडकाही त्याने सढळ हाताने दिल्या, हे मान्य करायला हवं. सहाव्यात टायसन पडला, अकराव्यात लढत थांबली. जून 1997 च्या दुसऱ्या लढतीत कान चावला, त्यावर इथे वेळ घालवत नाही. 2002 चा लुइस, 2004 चा विल्यम्स, 2005 चा मॅकब्राइड, 2024 चा जेक पॉल यांनी त्याला हरवलं, पण त्यावरून टायसन वाईट ठरवणं अन्याय आहे. तसंच ते सोडून फक्त 1988 पर्यंतचं मोजणंही.

मग तो बसतो कुठे? 50 विजय, त्यांत 44 नॉकआउट, पहिल्या राजवटीत नऊ वेळा किताब राखला. जो लुइसने सलग 25 वेळा, होम्सने 20 वेळा. अली, लुइस, होम्स, फोरमन, मार्सियानो, फ्रेझर, हॉलिफील्ड, लेनॉक्स लुइस यांच्या खाली, पहिल्या बाराच्या आत-बाहेर, असं मी ठेवतो. कोणी नववा म्हणेल, कोणी चौदावा, त्यावर भांडायला मी येणार नाही. 'सर्वांत मोठा' म्हणाल तर मात्र येईन. उलट नोव्हेंबर 1986 ते जून 1988 एवढ्या वीस महिन्यांचाच टायसन घेतला आणि एका रात्रीची लढत असली, तर त्याच्यासमोर डोळे मिटून कोणावर पैसे लावावेत असे हेवीवेट माझ्या मनात दोन-तीनच येतात. तुमच्या दोन्ही तटांनी पैज लावली असेल तर वाटून घ्या.

वाद पुढेही चालवायचाच असेल तर लढती पुऱ्या बघा, आणि आवाज बंद करून. टायसनचा ठोसा हवेत गेला तरी समालोचक ओरडतो आणि आपला डोळा फसतो. टिलिस, टकर, बिग्ज, स्पिंक्स, डग्लस, पहिली हॉलिफील्ड, या क्रमाने. वहीत प्रत्येक राउंडचे दोनच आकडे लिहा: टायसनचे जॅब किती, आणि ठोसा मारल्यावर तो किती वेळा बाजूला सरकला. राउंड संपला की जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला 9, पाडलं असेल तर 10-8, आणि मागचं खोडायचं नाही. सहा लढतींचे आकडे शेजारी ठेवलेत की गजाली आपोआप कमी होतील.

आता तुमचं स्वतःचं. वजन तुम्ही कळवलेलं नाही आणि उत्तर त्यावरच अवलंबून आहे. 5 फूट 6 इंच उंचीचा मुलगा 57 किलोच्या आसपास खेळत असेल तर तो बुटका नाहीच, त्याने टायसनच्या नादी लागून आपली पोच फुकट घालवू नये. तोच मुलगा 70-75 किलोत खेळत असेल तर समोरचे बहुतेक सगळे उंच मिळतील आणि आत शिरण्याचं तंत्र शिकावंच लागेल. हौशी स्पर्धेत तीन मिनिटांचे तीनच राउंड असतात, म्हणून पूर्ण पीक-अ-बू मी कोणाला देत नाही. समोरच्याला दमवून मग पाडायला तिथे वेळ नाही, आणि ग्लोव्ह्जवर घेतलेले ठोसेही लांबून बघणाऱ्या जजला लागल्यासारखे दिसतात. उभं राहणं नेहमीचंच ठेवा, फक्त डोक्याची हालचाल आणि बाजूचं अर्धं पाऊल त्याच्याकडून घ्या.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. खांद्याच्या उंचीला चार मीटर दोरी आडवी बांधा आणि तिच्याखालून डावी-उजवीकडे डोकं काढत पुढे चाला, प्रत्येक बाजूला आल्यावर एक जॅब. दुसरी, दोन मुठींएवढी जाड कापडाची पिशवी, आत अर्धा किलो नाचणी, नाकाच्या उंचीला टांगलेली. किनाऱ्यावरची वाळू भरू नका. तिच्यातलं मीठ ओल धरतं, पावसाळ्यात पिशवी घट्ट बसते आणि चुकलात तर नाक फुटतं. टांगायला सुंभही नको, त्याचा पीळ सुटताना पिशवी गरगरते. जाळ्याची नायलॉन दोरी सरळ झोका देते. पिशवीला झोका द्या, ती अगदी जवळ येईपर्यंत थांबा आणि तिच्या रुंदीपुरतंच डोकं बाजूला घ्या. सुरुवातीला दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती. जुलै-ऑगस्टमध्ये नाचणी दर पंधरा दिवसांनी काढून चुलीजवळ सुकवा, नाहीतर बुरशी धरते.

बिघडतं ते नेहमी दोन ठिकाणी. मुलगा गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकतो आणि नजर जमिनीवर जाते, समोरचा अपरकट त्याला दिसतच नाही. किंवा डोकं ठरावीक तालात डावी-उजवी हलवतो, आणि शहाणा प्रतिस्पर्धी तिसऱ्या वेळेला ते जिथे येणार तिथे ठोसा ठेवून देतो. ताल मोडायला मध्येच एकदा त्याच बाजूला दोनदा जा. पहिला महिना हे फक्त पिशवीवर करा. मग 16 औंसाचे ग्लोव्ह्ज घालून जोडीदाराला नुसता जॅब मारायला सांगा, नंतर जॅब आणि उजवा. अपरकटची परवानगी त्याला सगळ्यात शेवटी द्या, तीही मोबाइलवर बाजूने चित्रण करून गुडघे वाकतायत की कंबर, हे आधी तपासल्यावर.